कर्करुग्णांचा वाटखर्च
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)

संस्थेचा जमाखर्च आपल्या हाती आहेच. तो पुन्हा वाचून दाखविण्याऐवजी, जो खर्च कोणत्याही रुग्णालयाच्या बिलात दिसत नाही त्याविषयी आपल्याशी बोलावे, असे आम्ही ठरविले आहे. हा खर्च अंतराचा आहे.

कर्करोगाचे निदान झाले की सिंधुदुर्गातील माणूस आजही प्रामुख्याने परळची वाट धरतो. १९४१ साली सर दोराबजी टाटा ट्रस्टने सुरू केलेल्या टाटा स्मारक रुग्णालयावर आपल्या लोकांची तेवढी श्रद्धा आहे. कणकवलीहून मुंबई सुमारे साडेचारशे किलोमीटर. १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली आणि हे अंतर एका रात्रीचे झाले. परंतु कर्करोगाचा उपचार एका खेपेत होत नाही, ही खरी अडचण आहे.

उदाहरणादाखल गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विचार करू. रोग काहीसा वाढलेला असल्यास बाहेरून दिले जाणारे किरणोपचार सर्वसाधारणपणे आठवड्यातून पाच दिवस, असे पंचवीस वेळा घ्यावे लागतात. यंत्राखाली रुग्ण काही मिनिटेच असते, पण मुक्काम पाच आठवड्यांचा होतो. त्यानंतर आतून द्यावयाचे किरणोपचार असतात आणि हे सारे आठ आठवड्यांच्या आत पुरे व्हावे, अशी वैद्यकशास्त्राची अपेक्षा असते. मध्ये खंड पडला तर उरलेल्या पेशींना पुन्हा वाढण्यास अवधी मिळतो. म्हणून ‘चतुर्थीला घरी जाऊन येतो, मग पुढचे घेऊ’ हे आपल्याकडे सहज निघणारे वाक्य उपचारांवर पाणी फिरवू शकते.

आता हिशेब मांडू. रुग्ण एक, सोबती एक, मुक्काम पस्तीस दिवस; म्हणजे सत्तर माणसांचे एका दिवसाचे राहणे आणि जेवण. सोबती मजुरी करणारा असेल तर त्याची तेवढ्या दिवसांची कमाई बुडते. काजू-आंब्याचा हंगाम असेल तर वर्षाची मिळकत हातची जाते. रुग्ण घरातील बाई असेल, तर चूल, गुरे आणि मुले कोणी पाहावयाची, हा प्रश्न तिच्या आजाराआधी विचारला जातो.

काही भार हलका झाला आहे, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. उपचारांसाठी जाणाऱ्या कर्करुग्णास रेल्वे शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत भाड्याची पूर्ण सूट देते, तर सोबत्यास त्याच श्रेणींत ७५ टक्के. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे अनेक कुटुंबांवरील उपचारखर्चाचा बोजा कमी झाला. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती कित्येकांना आसरा देतात. २००६ पासून सेंट ज्यूड संस्था कर्करोगग्रस्त बालकांच्या कुटुंबांची विनामूल्य सोय करते. तथापि सोबत्याची बुडालेली मजुरी कोणत्याही सवलतीत बसत नाही, आणि धर्मशाळेत जागा मिळेपर्यंतच्या रात्री कोठे काढावयाच्या, हे कुटुंबाचे कुटुंबालाच ठरवावे लागते.

काही हितचिंतक आम्हांस आस्थेने विचारतात, ‘किरणोपचाराचे यंत्रच आपल्याकडे का आणत नाही?’ यंत्राची किंमत कोट्यवधींची आहे. पण तेवढ्यावर भागत नाही. जाड काँक्रीटच्या भिंतींची खोली, अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, तज्ज्ञ डॉक्टर, वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ आणि तंत्रज्ञ हे सारे लागते. यांपैकी एक जागा रिकामी राहिली तरी यंत्र बंद पडून राहील आणि रुग्णाची वाट तेवढीच लांब उरेल.

आमचे निवेदन असे, की यंत्र हलविता येत नसले तरी पुष्कळ गोष्टी हलविता येतात. याचा वस्तुपाठ महाराष्ट्रातच आहे. बार्शीच्या ग्रामीण कर्करुग्णालयाने १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणी हाती घेतली. पुढे शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी ज्या गटास देऊ केली, त्यात वाढलेल्या अवस्थेतील गर्भाशयमुखाचे कर्करोग आणि त्यामुळे होणारे मृत्यू सुमारे निम्म्याने कमी आढळले. तपासणी बाईच्या गावापर्यंत गेली, म्हणून कित्येक बायांची पुढची लांबची वाट वाचली.

आपल्यासारख्या लहान रुग्णालयाने याच दिशेने तीन कामे करावीत. पहिले, तुकडा तपासणी, रक्ताच्या चाचण्या आणि कागदपत्रे येथेच पुरी करून रुग्णास पाठवावे, म्हणजे केवळ एका कागदासाठी पुन्हा खेप पडणार नाही. दुसरे, मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञांच्या संमतीने जी औषधे आणि ज्या फेरतपासण्या येथे होऊ शकतात, त्या येथेच द्याव्यात. वेदनाशामक उपचार तर घराजवळच मिळाले पाहिजेत. अखेरच्या दिवसांत माणसाला गाडीत बसविणे हा उपचार नव्हे. तिसरे, ज्यांना जावेच लागते त्यांच्यासाठी वाटखर्चाचे स्वतंत्र खाते उघडावे आणि त्यातून सोबत्याच्या बुडालेल्या मजुरीचा काही अंश द्यावा.

देणगीदारांस येथे एक विनंती. इमारतीवर नावाची पाटी लागते, यंत्रावरही लागते. वाटखर्चाच्या खात्यावर लावण्यास भिंत नाही. येथील देणगी पंचवीसपैकी पंचवीस उपचार पुरे झाल्याच्या नोंदीतच दिसेल. सोळाव्या किंवा अठराव्या दिवशी पैसे संपले म्हणून घरी परतणारी बाई आणि उपचार पुरे करून परतणारी बाई, यांच्यामध्ये कित्येकदा काही हजार रुपयांचेच अंतर असते. तेवढे अंतर कापणे आपल्या हाती आहे.

हा प्रस्ताव विश्वस्त मंडळाने मान्य करावा, आणि ज्या कुटुंबांनी ही वाट चालून पाहिली आहे त्यांनी आपला अनुभव आमच्या कार्यालयात सांगावा, अशी नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.