घर स्वस्त हवे, पण कागद पक्का हवा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी घरावर बोलणार आहे. कोणी म्हणेल, विहारात हा काय विषय? पण हा आपल्या जगण्याचाच विषय आहे.

१९१७ साली बाबासाहेब परदेशात शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. पदवी मोठी, नोकरी संस्थानची, पण शहरात राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात आली. दोन स्नेह्यांकडे विचारले, दोघांनीही टाळले. राहायला जागा नाही म्हणून हातची नोकरी सोडून मुंबईला परतावे लागले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लिखाणात त्यांनीच हे नमूद करून ठेवले आहे. तेव्हा लक्षात घ्या, शिक्षण आणि पगार असूनही घराविना माणूस शहरात टिकत नाही.

आता आपल्या छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचे बघा. १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत बाबासाहेबांनी येथे महाविद्यालय काढले, तेच आपले मिलिंद. खेड्यापाड्यांतली मुले नागसेनवनात आली, शिकली. पुढे चिकलठाणा, वाळूजच्या कारखान्यांमुळे आणखी माणसे आली. आजही जालना, परभणी, हिंगोलीकडून तरुण जोडपी येतात. खोली बघायला गेलं की आधी आडनाव विचारतात, मग काय खाता ते विचारतात, आणि मग म्हणतात, खोली तर कालच दिली! असा माणूस कंटाळतो आणि मिळेल ते घेतो. तिथेच तो फसतो.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे. कमी किमतीचे घर म्हणजे स्वस्त घर नव्हे. ज्या घरातून उद्या कोणी उठवू शकणार नाही, ते खरे स्वस्त.

भाड्याने राहायचे असेल तर करार लेखी आणि नोंदणी केलेला पाहिजे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ही जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे धरले जाते. डिपॉझिटची पावती मागायला लाजू नका.

प्लॉट घेताना तर फार सांभाळा. एजंट म्हणतो, बाँडवर लिहून देतो, नोटरी करू, रजिस्ट्री कशाला? बंधूंनो, नोटरीने जमीन आपल्या नावावर होत नाही. त्याला नोंदणीकृत खरेदीखतच लागते. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी त्यात घेतली. त्यानंतर पाडलेल्या तुकड्यांना त्या दुरुस्तीचा आधार नाही. म्हणून आधी सातबारा, फेरफार, एन.ए. आणि मंजूर लेआउट बघा. जागेवर महापालिकेचे आरक्षण आहे का ते विचारा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ लिहिले असेल तर थांबा. अशी जमीन शासनाच्या परवानगीविना विकता येत नाही.

कागदाचा दुसराही फायदा आहे. रमाई आवास योजना अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीच आहे. पण जागा आपली असल्याचा पुरावा नसेल तर प्रकरण तिथेच अडते. म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातींसाठी, म्हणजे आपल्यासाठीही, राखीव घरे असतात. तिथे कोणी दलाल नेमलेला नसतो, त्यामुळे कोणाला पैसे देऊ नका. बिल्डरचा फ्लॅट असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक आणि कार्पेट एरिया विचारा. आणि घर बाईच्या नावावर घ्या. २०२१ पासून फक्त स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पैसा वाचतो आणि घरातल्या लक्ष्मीला नुसते लक्ष्मी म्हणण्यापेक्षा मालकीण करता येते.

भगवान बुद्धांनी दीघजाणू नावाच्या गृहस्थाला संसारी माणसाच्या हिताच्या चार गोष्टी सांगितल्या: उद्योग, कमावलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रांची संगत आणि ऐपतीप्रमाणे राहणे. कागद तपासणे हे रक्षण झाले, झेपेल तेवढाच हप्ता घेणे हे ऐपतीचे राहणे झाले. पण नव्या शहरात कल्याणमित्र कुठून आणायचा? तो इथे, या विहारात मिळाला पाहिजे.

माझी समितीला विनंती आहे. विहारात एक वही ठेवा. वस्तीत कुठे खोली रिकामी आहे, भाडे किती, ते त्यात लिहा. रविवारच्या वंदनेनंतर आपल्यातल्या एखाद्या वकिलाने किंवा तलाठ्याने तासभर बसून लोकांचे कागद वाचून द्यावेत. आणि शेवटचे, थोडे कडू आहे. आता आपल्यातही घरमालक झाले आहेत. दारात एकटी बाई आली, मुस्लिम कुटुंब आले, भटक्या समाजातला माणूस आला, तर आपण काय विचारतो? बडोद्याचा तो प्रश्न आपल्या उंबऱ्यावरून कोणालाही विचारला जाऊ नये. तसे झाले तरच या विहाराचा वर्धापनदिन साजरा झाला असे मी म्हणेन.