अर्जंट म्हणजे कुणाचं?

आज बोलायचंय ऑफिसच्या कामाच्या ताणाबद्दल. तुम्ही म्हणाल, आम्ही रानात राबणाऱ्या बाया, आमचं कसलं ऑफिस? पण जरा आजूबाजूला बघा. गटाची सचिव दप्तर लिहिते, बँक सखी मशीन घेऊन बसते, अंगणवाडीताई मोबाइलवर पोषण ट्रॅकर भरते आणि सीआरपीताईच्या पिशवीत तर अख्खं ऑफिसच असतं. टेबल-खुर्ची नसली म्हणून काय झालं? कागद आहे, तारीख आहे आणि वरून विचारणारं माणूसही आहे.

मी प्रभागसंघाच्या कार्यालयात समन्वयक आहे. रात्री नऊ वाजता भाकरी तव्यावर असते आणि मेसेज येतो, “माहिती अर्जंट पाठवा.” पुढं तीन उद्गारचिन्हं. खाली लगेच चौघीजणींचं “ओके सर”. झालं, छातीत धडधड सुरू. रेंज नाही, साइट उघडत नाही, आणि तो राग निघतो पोरांवर.

अशा वेळी एक सल्ला हमखास मिळतो. “गावात बघ, एकटी बाई पोरं घेऊन कशी दिवस काढते, तुझं काय एवढं?” मला हे पटत नाही. दुसरीचं दुःख ही काही आपला ताण मोजायची फूटपट्टी नाही. त्यानं ताण जात नाही, वर आणखी अपराधी वाटतं ते वेगळंच.

मी वेगळा प्रश्न विचारते. हे काम उद्यावर गेलं तर कुणाचं काय अडेल?

बैठकीचे फोटो रात्री नऊऐवजी सकाळी दहाला गेले, तर कुठल्या तरी तक्त्यातला एक रकाना रात्रभर रिकामा राहील. बस्स. पण जून महिना आहे, गटाची कर्जाची फाइल बँकेत द्यायचीय आणि ठरावावर एक सही राहिलीय, तर ते खरं अर्जंट. फाइल परत आली की आठवडा गेला. वाफसा काही आठवडाभर थांबत नाही. बियाणं उधारीवर घ्यावं लागतं, नाहीतर सावकाराचं दार आहेच. हप्त्याचंही तसंच. हप्ता थकून ९० दिवस उलटले की बँक ते खातं एनपीए करते, आणि पुढचं कर्ज अडतं ते साऱ्या गटाचं. गंमत बघा, या कामांसाठी रात्री नऊला तीन उद्गारचिन्हं कुणी पाठवत नाही.

म्हणून मी डायरीत प्रत्येक कामापुढं त्या बाईचं किंवा गटाचं नाव लिहिते. ज्या कामापुढं नाव येतं ते आधी. ज्याच्यापुढं नुसतं ‘तक्ता’ येतं, ते उद्या. गेल्या जूनमध्ये असाच फोटोंचा मेसेज आला, तेव्हा मी कळवलं, “फोटो सकाळी पाठवते, आत्ता एका गटाच्या सहीसाठी निघालेय.” घाबरतच लिहिलं होतं. उत्तर आलं, “बरं.” एवढंच! फाइल दुसऱ्या दिवशी बँकेत गेली.

आता एक स्पष्ट सांगते. डायरी लिहून कामाचा डोंगर कमी होत नाही. तीन गावांचं काम एकीच्याच गळ्यात असेल, तर तिला ‘मन शांत ठेव’ म्हणणं म्हणजे थट्टा. ग्रामसंघ काय, प्रभागसंघ काय, आपल्या बायांचाच आहे. कामाची वाटणी हा विषय बैठकीत घ्या आणि इतिवृत्तात लिहून ठेवा. तोंडी बोललेलं हवेत जातं.

गटातल्या बायांनाही एक विनंती. सचिवताईनं पासबुक मागितलं की बैठकीच्या आदल्या दिवशीच देऊन टाका. तिच्याही चुलीवर भाकरी असते.

आणि कुणाची झोप दोन-दोन आठवडे उडाली असेल, घास गिळत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर तो नुसता कामाचा ताण समजून अंगावर काढू नका. आरोग्य केंद्रात डॉक्टरांना सांगा. तिथं जायला संकोच वाटत असेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे. फोन मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. नंबर आहे १४४१६. पुन्हा सांगते, लिहून घ्या. एक, चार, चार, एक, सहा.