जुन्या मोटारींचा छंद



व्याख्यानमालेत ही भंगाराची कथा कशाला, अशी शंका आजचा विषय वाचून काहींच्या मनात आली असेल. जुनी मोटार म्हटली की संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस डोळ्यांपुढे उभ्या राहतात, आणि हा श्रीमंतांचा शौक, आपल्याला त्याचे काय, असे म्हणून आपण मोकळे होतो. आम्हा वसईकर हौशी मंडळींचे दैवत मात्र अगदी साधे आहे. ते म्हणजे मध्यमवर्गाची फियाट.

तिचे कुळ पाहा. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून तिची पहिली मोटार बाहेर पडली. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ साली ‘फियाट ११०० डिलाइट’ आली, आणि १९७४ पासून तीच गाडी ‘पद्मिनी’ म्हणून धावू लागली. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत. वरातीपासून इस्पितळापर्यंत तिने घरोघरची कामे केली. मुंबईच्या टॅक्सीतळांवरून ती ३० ऑक्टोबर २०२३ रोजी हद्दपार झाली. महाराजांची गाडी जपायला संग्रहालय असते. शेजाऱ्याची गाडी कोण जपणार? जी वस्तू सर्वांच्या दारात असते, तीच सर्वांत आधी नाहीशी होते.

आपल्या वसईत तर तिला एक वैरी जास्त आहे. तो म्हणजे समुद्राचा खारा वारा. फियाटला वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडाच सारा भार वाहतो. म्हणून दाराखालची पट्टी गंजली, की केवळ शोभा जात नाही, गाडीची ताकदच जाते. अशा ठिकाणी पुट्टी भरून वर रंग मारणे म्हणजे गळवावर चंदनाचा लेप लावणे होय. चांगला पत्रा लागेपर्यंत गंजका भाग कापावा, नवा तुकडा त्याच घडणीत ठोकून वेल्डिंग करावे आणि मगच रंगाची भाषा बोलावी.

हे ठोकणारे हात दुर्मिळ होत चालले आहेत, ही आमची खरी चिंता आहे. वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांत लेथ पुष्कळ आहेत. बाजारात न मिळणारा बुश तिथे नमुन्यावरून करून मिळू शकतो. पण कार्ब्युरेटर कानाने ऐकून जुळवणारा म्हातारा मिस्त्री गेला, की त्याची विद्याही जाते. ती कुठल्या पुस्तकात लिहिलेली नाही. म्हणून नवशिक्याने गाडी मिस्त्रीच्या हवाली करून घरी जाऊ नये. शेजारी बसावे, पाने हातात द्यावे, विचारावे. सध्याच्या पेट्रोलमधील इथेनॉल जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. त्या आधी बदलाव्यात, हा धडाही तिथेच मिळतो.

किती बदलावे, हा आमच्यातला जुना वाद. दुसऱ्याच गाडीचे इंजिन बसवले तर गाडी धावेल, पण फियाट उरेल काय? कायद्यानेही याचे उत्तर दिले आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या, सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या गाडीची ‘विंटेज’ म्हणून नोंद होते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. म्हणजे १९७४ ची पद्मिनी आता या पंक्तीला बसली आहे!

कोणी म्हणेल, रस्त्यांवर आधीच कोंडी, त्यात ही धूर सोडणारी म्हातारी कशाला? आक्षेप रास्त आहे, आणि तो आम्हाला मान्य आहे. ‘विंटेज’ नोंदीची गाडी नित्याच्या कामासाठी किंवा धंद्यासाठी वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची. हे बंधन आम्ही आनंदाने पाळावे. छंदाने शेजाऱ्याच्या श्वासावर हक्क सांगू नये.

श्रोतेहो, वसईचा किल्ला जपावा हे आपणांस पटवून द्यावे लागत नाही. तो पराक्रमाची खूण आहे. फियाट ही कष्टाची खूण आहे. आपल्याच माणसांनी कुर्ल्याला घडवलेली. तुमच्या वाडीत ताडपत्रीखाली अशी एखादी उभी असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी एकदा तिचे बॉनेट उघडून पाहा. एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.