सोपा फटका कां चुकतो?

आजचा विषय कित्येकांस क्षुल्लक वाटेल. हिरवें कापड ताणलेलें टेबल, सहा खिसे, क्रमांक घातलेले पंधरा चेंडू आणि एक पांढरा चेंडू. हातांतील काठीनें पांढऱ्याला टोला द्यावयाचा आणि त्याच्याकरवीं दुसऱ्याला खिशांत लोटावयाचें. बिलियर्डच्या कुळांतील या खेळाला पूल म्हणतात. मी तो बेताचाच खेळतों. परंतु एक अनुभव बेताच्या खेळाडूलाहि हमखास येतो. लांबचा, तिरका, कडेवर आपटून जाणारा फटका साधतो, आणि खिशाच्या तोंडाशीं बसलेला चेंडू मात्र चारचौघांदेखत चुकतो. मग कानांच्या पाळ्या तापतात, हात किंचित् थरथरूं लागतो, आणि पुढचे दोन-तीन फटकेहि त्याच वाटेनें जातात.

असें कां व्हावें? कठीण फटक्यापुढें आपण थांबतों, वांकून रेषा पाहतों, श्वास सोडतों आणि मगच टोला देतों. सोपा चेंडू दिसतांच मन पुढें धांवतें. हा तर पडलाच, आतां यानंतर कोणता? काठी अजून चेंडूला लागलीहि नसते, तोंच डोकें वर झालेलें असतें. डाव हारजितीचा असला म्हणजे याच्या अगदीं उलट घडतें. हा चुकला तर लोक काय म्हणतील, असें मनांत येतें आणि हजार वेळां बिनबोभाट काम केलेल्या हातावर आपण पहारा बसवितों. जिना उतरतांना कोणता पाय केव्हां उचलावा याचा विचार करून पाहा, ठेंच ठरलेली!

हें दुखणें केवळ नवशिक्यांचें नव्हे. १९८५ सालीं इंग्लंडांत शेफील्ड येथें स्नूकरच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना झाला. स्टीव्ह डेव्हिस आणि डेनिस टेलर यांचे सतरा-सतरा डाव झाले होते; मध्यरात्र उलटली होती आणि टेबलावर काळा चेंडू तेवढा उरला होता. डेव्हिस यांना संधि मिळाली. त्यांनीं तो वाजवीपेक्षां बारीक कापला आणि तो खिशांत गेला नाहीं. टेलर यांनीं तो घातला व विजेतेपद मिळविलें. फटका तसा पातळ होता, हें खरें. परंतु सरावाच्या खोलींत डेव्हिस यांनीं तो बहुधा चुकविला नसता असें मला वाटतें.

कोल्हापुरांत या दुखण्याचें ठळक उदाहरण टेबलावर नव्हे, नेमबाजींत सांपडतें. तालमींच्या या गांवानें नेमबाजहि मोठे दिले आहेत. तेजस्विनी सावंत या २०१० सालीं म्यूनिक येथें पन्नास मीटर रायफलींत जगज्जेत्या झाल्या. २०१८ च्या आशियाई स्पर्धेंत राही सरनोबत यांची प्रतिस्पर्धिनीशीं बरोबरी झाली, जादा फेरींतहि पुन्हां बरोबरी झाली, आणि दुसऱ्या जादा फेरींत त्यांनीं सुवर्णपदक घेतलें. परंतु मला आज सांगावयाचें आहे तें राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांच्याविषयीं.

त्यांचा प्रकार पन्नास मीटर रायफल, तीन स्थिति. आधीं गुडघ्यावर बसून, मग पालथें पडून आणि शेवटीं उभें राहून गोळ्या झाडावयाच्या. लक्ष्याच्या मध्यावरील दहा गुणांचें वर्तुळ १०.४ मिलिमीटरांचें, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढें. अंतिम फेरींत गुण दशांशांत मोजतात. एका गोळीला फार तर १०.९. २०२३ सालीं चीनमधील हांगचौ येथें आशियाई स्पर्धेंत कुसाळे अंतिम फेरींत आघाडीवर होते. उभ्यानें मारतांना एक गोळी ७.६ वर गेली. तेवढ्या एका गोळीनें आघाडी गेली, पदक गेलें. ते चौथे आले.

याच प्रकारांतील अमेरिकेचे मॅथ्यू एमन्स यांची कथा याहून विलक्षण आहे. २००४ सालीं अथेन्सला आघाडीवर असतांना त्यांनीं शेवटची गोळी शेजाऱ्याच्या लक्ष्यावर मारली, गुण शून्य. २००८ सालीं बीजिंगला पुन्हां आघाडी, आणि शेवटच्या गोळीला ४.४. तरी गृहस्थ पुन्हां उभे राहिले. २०१२ सालीं लंडनला शेवटची गोळी ७.६ वर गेली, रौप्य हुकलें, पण कांस्य हातीं आलें.

तेव्हां मनाची धडधड नाहींशी करण्याच्या खटपटींत पडूंच नये, असें माझें मत आहे. ती राहणारच. करावयाचें तें एवढेंच कीं, सोप्या फटक्यालाहि कठीण फटक्याइतकाच मान द्यावा: तीच पावलें, तेंच वांकणें, तोच श्वास. काठी मुठींत आवळूं नये. टोला दिल्यावरहि क्षणभर हनुवटी काठीवरून हलवूं नये. आणि चुकलेंच तर, पुढची पाळी येईल तेव्हां, टेबलापासून एक पाऊल मागें सरून काठीच्या टोंकाला सावकाश खडू लावावा. खडूची गरज असो वा नसो. त्या चार क्षणांत मागचा फटका मागें राहतो. मी स्वतः हें अर्ध्याअधिक वेळां विसरतों, ही गोष्ट निराळी.

हांगचौनंतर दहा महिन्यांनीं, १ ऑगस्ट २०२४ रोजीं, पॅरिस ऑलिंपिकची ही स्पर्धा फ्रान्समधील शातोरू येथें झाली. त्या दिवशीं कुसाळे यांनीं कांहीं खाल्लें नव्हतें. दुधावांचून चहा तेवढा घेतला होता. छाती जोरानें धडधडत होती, असें त्यांनींच मागाहून सांगितलें. आपण श्वास आवरला, निराळें कांहीं करावयास गेलों नाहीं, गुणफलकाकडे पाहिलें नाहीं, असेंहि ते म्हणाले. महेंद्रसिंग धोनी यांचा शांतपणा त्यांना फार आवडतो. धोनी हेहि एके काळीं त्यांच्यासारखेच रेल्वेंत तिकीट तपासनीस होते.

गुडघ्यावरच्या फेरीनंतर कुसाळे सहावे होते, पालथ्या फेरीनंतर पांचवे. उभ्यानें मारतांना ते तिसऱ्या स्थानीं आले. त्या वेळच्या नियमाप्रमाणें चाळीस गोळ्यांनंतर दोघे बाहेर पडले आणि पुढें प्रत्येक गोळीमागें एकेक नेमबाज गळत गेला. हांगचौला घात झाला तो याच उभ्यानें मारण्यांत. एकेचाळिसावी गोळी १०.५. बेचाळिसावी ९.४. एवढ्या उंचीवरील सामन्यांत ९.४ म्हणजे खिशाच्या ओठावर अडखळलेला चेंडूच. पुढची ९.९ गेली, आणि तिसरें स्थान पक्कें झालें. नंतरची बरोबर १०.०. एकूण ४५१.४, आणि गळ्यांत कांस्यपदक. १९५२ सालीं हेलसिंकीहून खाशाबा जाधव पदक घेऊन आले होते. त्यानंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक महाराष्ट्राच्या घरीं आलें तें बहात्तर वर्षांनीं, कांबळवाडीला.