दार लावायचं कुणी?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला निरोप आला तो असा : "कॅप्टन, तू जग पाहिलंस. पंधरा मिनिटं समुद्राच्या गमतीजमती सांग. जेवणाआधी." गमती माझ्याकडे भरपूर आहेत, पण त्या जेवणानंतर आणि बाई घरी गेल्यावर. आत्ता मी ज्या कामात नोकरीची शेवटची वर्षं घालवली त्याबद्दल बोलणार आहे. बोटीवरून उतरल्यावर मी जहाज कंपन्यांची सुरक्षा-तपासणी करायला लागलो. घरी विचारतात, तुम्ही नक्की करता काय? मी सांगतो, कपाटातल्या फायली काढतो आणि त्यात लिहिलंय ते खरंच कुणी करतं का हे बघत हिंडतो. हे काम जगात सक्तीचं झालं ते एका दारामुळे. त्या दाराची गोष्ट सांगतो.

काल तुमच्यापैकी बरेच जण भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने गाडीसकट मांडव्याला उतरलात. त्याच जातीची, पण पुष्कळ मोठी, सुमारे 131 मीटर लांबीची एक ब्रिटिश बोट होती, 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज'. 6 मार्च 1987 च्या संध्याकाळी ती बेल्जियमच्या झीब्रुग बंदरातून इंग्लंडमधल्या डोव्हरला निघाली. एका वर्तमानपत्राने त्या दिवसांत अगदी स्वस्तात तिकिटं दिली होती, त्यामुळे सहलीला आलेली माणसं बरीच होती. धक्का सोडून अर्धा तासही झाला नव्हता, बंदराच्या तोंडापासून बोट फार लांबही गेली नव्हती, आणि ती आडवी झाली. कलायला लागल्यापासून आडवी पडेपर्यंत जेमतेम दीड मिनिट. नशिबाने खाली वाळूचा उंचवटा होता, म्हणून अर्धी बोट पाण्यावर राहिली. तरी 193 माणसं गेली, बरीचशी त्या गार पाण्यात गारठून. एका प्रवाशाने दोन कडांच्या मध्ये स्वतःचं शरीर आडवं टाकून पूल केला आणि त्याच्या अंगावरून माणसं पलीकडे गेली.

कारण इतकं साधं की ऐकणाऱ्याला राग येतो. गाड्या आत घेण्यासाठी बोटीला पुढच्या बाजूला जे मोठं दार असतं, ते उघडंच राहिलं होतं.

आता ही रो-रोची जात समजून घ्या. गाड्या एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडायच्या, म्हणून खालचा सगळा मजला एक सलग दालन असतो, मध्ये भिंत नाही. परातीत पाणी घेऊन चालून बघा. तांब्यात तेवढंच पाणी असलं तर काही होत नाही. परातीत मात्र हात जरा कलला की सगळं पाणी त्या बाजूला धावतं, आणि धावलं की परात आणखी कलते. त्या मजल्यावर हेच झालं. त्यात झीब्रुगचा धक्का या बोटीच्या मापाचा नव्हता. वरच्या मजल्यावर गाड्या चढवता याव्यात म्हणून टाक्यांत पाणी भरून बोटीचं नाक खाली दाबावं लागे, आणि ते पाणी उपसायला वेळ लागे. म्हणजे नाक खाली, दार उघडं, आणि कप्तानाने वेग वाढवला. वेगाबरोबर पुढची लाट उंच झाली आणि सरळ आत आली.

चौकशीत पहिला प्रश्न अर्थातच हा : दार लावायचं कुणी?

दार लावायचं काम होतं असिस्टंट बोसनचं. बोसन म्हणजे आपला सारंग; हा त्याच्या हाताखालचा. तो आपल्या खोलीत झोपला होता. निघण्याची घोषणा झाली तरी जागा झाला नाही. बोसन त्याच मजल्यावर होता, सगळ्यात शेवटी तोच तिथून बाहेर पडला, पण दार लावणं हे आपलं काम नाही असं तो समजून होता. दार लागलं याची खात्री करायची चीफ ऑफिसरने. पण निघण्याच्या पंधरा मिनिटं आधी त्याने ब्रिजवर हजर असायचं असाही हुकूम होता, आणि एक माणूस दोन मजल्यांवर उभा राहू शकत नाही. कप्तानाला ब्रिजवरून दार दिसतच नव्हतं. कंपनीचा नियम असा, की कुणी काही बिघाड कळवला नाही तर बोट निघायला तयार आहे असं धरून चालायचं. कुणी कळवलं नाही. त्याने धरून चाललं.

आपल्याला इथेच थांबायची सवय आहे. झोपलेला माणूस सापडला, अपघाताची फाइल बंद. कुठेही बघा, आधी ड्रायव्हर, खलाशी, वायरमन, फार तर मुकादम. न्यायमूर्ती शीन यांच्यापुढे ही चौकशी चालली आणि मला त्यांचं मोठेपण यात वाटतं, की ते बोटीवर थांबले नाहीत, जिना चढून कंपनीच्या कचेरीत गेले. तिथे त्यांना कागद सापडले. 1983 साली याच कंपनीची जुळी बोट अशीच दार उघडं ठेवून निघाली होती. तेव्हाही नेमलेला माणूस झोपला होता. तेव्हा पाणी आत आलं नाही, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. त्यानंतर कप्तानांनी लेखी मागणी केली, की दार लागलं की नाही हे दाखवणारा एक दिवा ब्रिजवर बसवा. वरिष्ठांनी त्या मागणीची टिंगल केली. माणूस आपलं काम करतोय की नाही हे कळायला दिवा कशाला, अशा चालीचे शेरे त्या कागदांवर होते. बोटीवर मोजणीपेक्षा जास्त प्रवासी चढतात अशी तक्रारही कप्तानांनी केली होती, तिचंही तेच. आणि वेळेवर निघणं पुरेसं नाही, पंधरा मिनिटं लवकर निघा, असा तगादा मात्र लेखी होता.

अपघातानंतर थोड्याच दिवसांत कंपनीच्या उरलेल्या बोटींवर ते दिवे बसले. मी तपासणीला जायचो तेव्हा हे वाक्य आधी सांगायचो आणि मग गप्प बसायचो.

शीन यांचा निष्कर्ष असा, की ढिलाईचा रोग वरपासून खालपर्यंत सगळ्या कंपनीला लागला होता, आणि सुरक्षिततेची जबाबदारी आपली आहे हे संचालकांना उमगलंच नव्हतं. कप्तान आणि चीफ ऑफिसर यांचे परवाने काही काळासाठी रद्द झाले. कंपनीवर सदोष मनुष्यवधाचा खटला भरला गेला. 1990 मध्ये तो कोसळला. कायद्याला कंपनी दोषी ठरवायला वरच्या जागेवरचा एक तरी माणूस स्वतः पूर्ण दोषी सापडावा लागत होता. इथे दोष सगळ्यांत थोडाथोडा वाटला गेला होता, म्हणजे कायद्याच्या हिशेबात कुणाचाच नव्हता. ब्रिटनने त्यासाठी वेगळा कायदा केला तो थेट 2007 साली. तोवर वीस वर्षं उलटून गेली होती.

समुद्रावर मात्र बदल लवकर झाला. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 1989 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, 1993 मध्ये सुरक्षा व्यवस्थापनाची संहिता मंजूर केली आणि 1 जुलै 1998 पासून प्रवासी बोटींना आणि तेलवाहू जहाजांना ती सक्तीची झाली, 2002 पासून बहुतेक बाकीच्यांना. आम्ही तिला 'आय एस एम' म्हणतो. तिच्यातली मुख्य गोष्ट एका दमात सांगता येते. कोणतं काम कुणाचं हे कंपनीने लिहून ठेवायचं, बोटीवरच्या चुका आणि थोडक्यात टळलेले प्रसंग कळवायला वाट ठेवायची, आणि किनाऱ्यावर एक नेमलेला माणूस ठेवायचा, ज्याला कंपनीच्या सर्वांत वरच्या माणसाच्या खोलीत थेट जाता येईल. सुरक्षिततेसाठी बोट थांबवण्याचा शेवटचा अधिकार कप्तानाचा, हेही तिच्यात स्पष्ट आहे.

कागदावर सुंदर आहे. मी त्याच कागदाचा चौकीदार होतो, म्हणून सांगतो, कागद फार लवकर सुस्तावतो. एका बोटीवर मला महिनाभराच्या तपासणी-यादीवर एकाच शाईने, एकाच हाताने, एकाच बैठकीत केलेल्या खुणा दिसल्या. त्यात महिन्याचे उरलेले चार दिवससुद्धा आधीच भरून झाले होते! त्या नेमलेल्या माणसाचा फोन नंबर बोटीवर जेवणाच्या खोलीत लावलेला असतो. मी रात्री दोन वाजता तो फिरवायचो. कुणी उचलायचं. एका कंपनीत तो नंबर दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या गृहस्थांचा निघाला. बिचारे झोपेतून उठले आणि म्हणाले, "अहो, अजून तिथे माझं नाव आहे?"

याहून वाईट पाहायचं असेल तर दक्षिण कोरियाची 'सेवोल' बघा. 16 एप्रिल 2014. 304 माणसं गेली, त्यातली सुमारे अडीचशे एकाच हायस्कूलची, सहलीला निघालेली मुलं. माल जास्त, बोट स्थिर ठेवणारं पाणी कमी, आणि कलत्या बोटीवर मुलांना सूचना दिली गेली की जागेवरून हलू नका. आज्ञाधारक मुलं हलली नाहीत. कप्तान आधीच बाहेर पडला होता. बोटी तपासून सोडायचं काम ज्या संघटनेकडे होतं, ती बोटमालकांचीच होती. या सभागृहात शिक्षक बसले आहेत, त्यामुळे यावर मी जास्त बोलत नाही.

आणि आपलं? 'रामदास' मी तुम्हाला सांगायला नको. 17 जुलै 1947, आषाढ अमावास्या, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट. सहाशेहून जास्त माणसं, आणि कित्येक तास मुंबईला पत्ताच नव्हता. आपल्या वर्गातल्या तिघांच्या घरी गटारी होत नाही, हे आपल्याला शाळेत असल्यापासून ठाऊक आहे. डबे खाताना त्यांतल्या एकाने आजोबांच्या धोतराची गोष्ट सांगितली होती, आठवत असेल. पण त्या गोष्टीत नेहमी वादळ होतं, लाट होती, अमावास्या होती. त्या दिवशी बोट सोडायचं कुणी ठरवलं, असं आपल्यापैकी कुणी कधी विचारलं नाही. घरचे मोठेही त्या बोलण्यात दैवाच्या पुढे जात नसत. ज्याचं माणूस गेलं त्याला दैव म्हणायचा अधिकार आहे. ज्याने तिकीट फाडलं त्याला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

18 डिसेंबर 2024 ला एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल'वर इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची स्पीडबोट आदळली. 15 जणांचा जीव गेला. टक्कर प्रवाशांच्या लाँचने केली नव्हती, हे खरं. पण ती बुडत असताना तिच्यावर परवान्यापेक्षा जास्त माणसं होती, हेही तितकंच खरं. लगेच गेटवेवर लाइफ जॅकेट सक्तीची झाली. ब्रिजवरच्या त्या दिव्यांसारखीच.

आय एस एम आपल्या खाडीतल्या लाँचला लागू नाही. तिच्यासाठी वेगळे कायदे आहेत, 2021 चा अंतर्गत जलवाहतुकीचा नवा कायदाही आहे. पण इथे वकील आणि अधिकारी बसले आहेत, ते माझ्यापेक्षा नीट सांगतील. मला काल रात्रीची गोष्ट सांगू द्या. आपला एक मित्र शाळांच्या बस चालवतो, एक रोह्याकडच्या कारखान्यात शिफ्ट बघतो, एकीचं इस्पितळ आहे. गप्पा मारताना मी तिघांनाही एकच विचारलं : तुमच्याकडचं 'दार' कोणतं, आणि ते लागलंय हे तुला कोण येऊन सांगतं? बसवाला म्हणाला, "शेवटचं मूल उतरलं की क्लीनर मागपर्यंत फिरून बघतो." मी म्हटलं, बघतो हे तुला कसं कळतं? तो जरा थांबला. म्हणाला, "काही झालं तर कळेल की." डॉक्टरीणबाईंनी मात्र लगेच फोन काढून ऑक्सिजनच्या खोलीतल्या माणसाला विचारलं. रात्रीचे अकरा वाजले होते. त्याने उचलला.

आता शेवटचं, आणि हे उद्याच्या कार्यक्रमाचं आहे, म्हणून मागच्यांनीही ऐका. उद्या सकाळी खाडीत लाँचने फेरी आहे. आयोजकांनी एकच फेरी धरली होती, कारण परत आल्यावर भजी गरम मिळावीत. आज सकाळी मी नाखवांना भेटून आलो. भला माणूस आहे, लाँचही चांगली ठेवली आहे. जॅकेटं बेचाळीस आहेत, त्यांतल्या सहांचे बंद तुटलेत. राहिली छत्तीस. त्यांची तीन माणसं धरून छत्तीस, म्हणजे आपण तेहेतीस. नावं आली आहेत सत्त्याण्णव. तेव्हा तीन फेऱ्या होतील, पहिली साडेसातला, आणि भजी तीन घाण्यांत तळायला आचाऱ्याला सांगितलं आहे. जॅकेट हातात धरायचं नाही, फोटोसाठी काढायचं नाही. जेट्टीवर वही घेऊन मोजायला आपले गणिताचे सर उभे राहणार आहेत. "सर, अजून दोघंच आहेत, बसू दे ना," असं त्यांना सांगायची ज्याची हिंमत असेल, त्याने जरूर सांगून बघावं.