चाकांवरची विद्या आणि लोकाश्रय



ज्या कोल्हापूर नगरीत राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना खुराक, तनखा आणि तालमी देऊन राजाश्रय म्हणजे काय हे कृतीने दाखविले, आणि १९१२ साली खासबागेचे मैदान पुरे करवून हजारोंच्या दृष्टीला कुस्ती सुलभ केली, त्या नगरीत स्केटबोर्ड खेळणाऱ्या मुलीच्या व्यवसायजीवनावर बोलताना मला विषय परका वाटत नाही. कारण अंगच्या गुणावर उपजीविका कशी उभी राहते आणि तिला हात कोण देतो, हा प्रश्न आखाड्यात आणि चाकांच्या फळीवर एकच आहे.

या खेळात व्यावसायिक होण्याची सनद कोणत्याही सरकारच्या दफ्तरातून मिळत नाही. फळ्या बनविणारी एखादी कंपनी खेळाडूच्या नावाची फळी विक्रीस काढते, तिच्या विक्रीतला हिस्सा खेळाडूला देते, आणि तेथून ती व्यावसायिक गणली जाते. १९६४ साली अमेरिकेत मुलींचे विजेतेपद मिळविणारी पॅटी मॅक्गी प्रात्यक्षिके करीत फिरली आणि पुढच्याच वर्षी ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर फळीवर हातांनी उभी राहिलेली दिसली; परंतु कीर्तीमागोमाग समान मोबदला आला नाही. २००५ सालच्या ‘एक्स गेम्स’ या साहसी खेळांच्या स्पर्धेत पुरुष विजेत्याला पन्नास हजार डॉलर आणि स्त्री विजेतीला दोन हजार, असे इनाम होते, आणि कारा-बेथ बर्नसाइड, मिमी नूप यांच्यासारख्या खेळाडूंनी एकजुटीने बहिष्काराची भाषा केली तेव्हा कोठे पुढील काही वर्षांत ही रक्कम समान झाली. हक्क मागणाऱ्या या स्त्रियांचे पराक्रम मला त्यांच्या उड्यांइतकेच मोलाचे वाटतात.

टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, हा खेळ प्रथमच आला. पायऱ्या, कठडे आणि लोखंडी दांडे यांवरून खेळल्या जाणाऱ्या ‘स्ट्रीट’ प्रकारात जपानच्या मोमिजी निशियाने सुवर्ण आणि ब्राझीलच्या रायसा लेआलने रौप्य मिळविले, तेव्हा दोघीही तेरा वर्षांच्या होत्या. तेराव्या वर्षी ज्या शरीराला एवढा तोल साधतो, त्याने सातव्या-आठव्या वर्षीच पडायला आरंभ केलेला असतो. तालमीतल्या लाल मातीप्रमाणे काँक्रीट पडणाऱ्यास झेलत नाही, म्हणून शिरस्त्राण, गुडघे-कोपरांची कवचे आणि जाणता शिक्षक पहिल्या दिवसापासून लागतो.

आपल्या महाराष्ट्रातील पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने, सुरक्षारक्षकाची नोकरी करणाऱ्या पित्याच्या या कन्येने, २०२२ साली गुजरातेत झालेल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत याच ‘स्ट्रीट’ प्रकाराचे सुवर्णपदक जिंकले. पदक हाती आले तरी, आपल्याकडे या फळ्यांचा बाजारच लहान असल्यामुळे, नावाच्या फळीवर जगण्याची अमेरिकेतील वाट येथे अद्याप अरुंद आहे. साहित्य, प्रवास आणि दुखापतीचा खर्च भागविण्यास घराची ऐपत अपुरी पडते, आणि जेथे बाजार पोहोचत नाही तेथे समाजानेच पुढे यावयाचे असते.

कोल्हापूरकरांना हे सांगावे लागू नये. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे नेमबाजीची विश्वविजेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्ण मिळविले. मुलीच्या हाती बंदूक देण्यास हे शहर कचरले नाही, तर पायाखाली फळी देण्यास का कचरावे?

म्हणून माझी नगरपालकांना जाहीर विनंती आहे, की उतार, पायऱ्या आणि कठडे असलेले एक काँक्रीटचे मैदान, सायंकाळच्या दिव्यांसह, सर्वांना विनामूल्य खुले असे, येत्या अंदाजपत्रकात तरतूद करून बांधावे. तेथे शिक्षकाची नेमणूक करावी, आणि काही वेळ मुलींसाठी राखावा. आणि श्रोतेहो, मैदान झाले की आपल्या मुलींना तेथे पाठवा, त्या पडल्या तर घरी बोलावून घेऊ नका.