आधी मुले, मग शाळा



विशेष मुलांसाठी तालुक्याच्या गावी एक शाळा काढावी, असा विचार पुढे आला की पहिल्या बैठकीत पहिला विषय निघतो तो जागेचा. कोणी वडिलोपार्जित चार गुंठे देऊ करतो, कोणी सिमेंट, कोणी पत्रे. आणि भूमिपूजनास कोणाला बोलवावे ही चर्चा तर चहा येण्यापूर्वीच रंगते. यात वावगे काही नाही. अशा संस्था समाजाच्या दातृत्वावरच उभ्या राहतात. परंतु मुले किती, ती कोठे राहतात आणि त्यांची अडचण नेमकी कोणती, हे ठाऊक नसताना बांधलेली वास्तू पुष्कळदा नुसती वास्तूच राहते.

महाराष्ट्रातील जुन्या संस्थांचा क्रम याच्या नेमका उलट होता. मुंबईतील जय वकील शाळा 1944 साली सुरू झाली ती एका दांपत्याच्या जय नावाच्या मुलीसाठी. डॉ. मिठू अलूर यांनी 1972 साली स्पास्टिक्स सोसायटी स्थापन केली, त्यामागे मेंदूचा पक्षाघात असलेली त्यांची कन्या मालिनी होती. नाशिकमध्ये 1977 साली रजनीताई लिमये यांनी प्रबोधिनी विद्यामंदिर उभे केले, तेही घरच्याच मुलाच्या काळजीतून. या तिन्ही ठिकाणी आधी मूल होते. शाळा मागाहून आली. ज्या कार्यकर्त्यांच्या घरी असे मूल नाही, त्यांना तो अनुभव दारोदार फिरूनच मिळवावा लागेल.

मोजणीसाठी सरकारी आकड्यांवर विसंबून चालत नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार दिव्यांग नोंदले गेले, पण ती सर्व वयांची बेरीज आहे. शिवाय त्या गणनेत स्वमग्नता किंवा अध्ययन अक्षमता यांचा स्वतंत्र रकानाच नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने 2016 साली दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानले, त्यांत या दोहोंचा समावेश झाला. म्हणून अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्ती यांना सोबत घेऊन घराघरांत जाणे, हाच मार्ग उरतो. तेथेही प्रश्न विचारण्याची रीत सांभाळावी लागते. "तुमच्या घरी असे मूल आहे का?" असे विचारले की दार बंद होते, थोरल्या बहिणीचे लग्न जमायचे असेल, तर ते अधिकच घट्ट बंद होते. "शाळेत न जाणारे किंवा शाळा मध्येच सुटलेले कोणी आहे का?" असे विचारले, तर आई हळूच मागच्या खोलीकडे पाहते. ही माहिती कागदावर येण्यास एक उन्हाळा जातो. तो जाऊ द्यावा.

यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. शाळा नेमकी कोणासाठी? 2016 च्या कायद्याने 6 ते 18 वयाच्या, ठरावीक प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिकण्याचा हक्क दिला आहे. निवड मुलाची आणि पालकांची आहे, मुख्याध्यापकांची नव्हे. प्रत्यक्षात मात्र गावात विशेष शाळेची पाटी लागली की सर्वसाधारण शाळांना एक सोयीची वाट सापडते. अक्षरे उलटी लिहिणारा, कमी ऐकू येणारा, वर्गात स्वस्थ न बसणारा, असा प्रत्येक विद्यार्थी "त्या शाळेत घाला" म्हणून पाठविला जातो. दृष्टी वा श्रवण यांची अडचण असलेल्या कित्येक मुलांना पहिल्या बाकावर जागा, योग्य साधन आणि थोडा संयम एवढेच पुरेसे असते. अशा मुलाला वेगळ्या शाळेत घालणे म्हणजे त्याला शेजारच्या सवंगड्यांपासून तोडणे होय. नव्या शाळेने असा प्रवेश नाकारावा आणि आपला शिक्षक आठवड्यातून एक दिवस त्या मुलाच्या शाळेत पाठवावा. पटसंख्या घटेल, मुख्याध्यापक नाराज होतील. तरी हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला गेला पाहिजे. तीव्र बौद्धिक दिव्यांगत्व, बहुविकलांगता किंवा तीव्र स्वमग्नता असलेली, आज घरातच बसून असलेली मुले ही या शाळेची खरी मुले होत.

शिक्षकांचे गणितही त्यावरूनच ठरते. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला प्रशिक्षित शिक्षक हवा. केवळ सेवाभाव पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली सर्वसाधारण शाळांतील विशेष मुलांसाठी प्राथमिक स्तरावर 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण धरले. ज्या मुलाला घास भरविण्यापासून शिकवायचे आहे, त्याच्या वर्गात इतकी मुले एका शिक्षकावर सोपविता येणार नाहीत, हे उघड आहे. मदतनीस बाईंचे वेतनही आरंभीच्याच अंदाजपत्रकात धरावे. अनुदान मिळेल या आशेवर कोणी राहू नये. राज्यातील कित्येक विशेष शाळा वर्षानुवर्षे विनाअनुदान चालत आल्या आहेत. नोंदणीचे प्रमाणपत्र मात्र आधी घ्यावे लागते, ते टाळून चालत नाही.

वास्तूविषयी थोडेच. जोते दीड फूट उंच असेल, तर एकास बारा या उताराने रॅम्प अठरा फूट लांब होतो. दारासमोर तेवढी जागा नसेल, तर चार गुंठ्यांचे दान कितीही मोठे असले तरी उपयोगाचे नाही. शौचालयात चाकाची खुर्ची वळली पाहिजे. वरचा मजला नकोच. त्याहून महत्त्वाची गाडी: सकाळी तासभर हेलकावे खात आलेले मूल दुपारपर्यंत काही शिकत नाही, म्हणून गाव निवडण्यापूर्वी वाटांचा नकाशा काढावा.

आणि अठराव्या वर्षानंतर? शाळेचा हक्क तेथे संपतो, मूल मात्र घरी परतते, आणि आईवडील तोवर थकलेले असतात. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात व बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करावा लागतो. तालुक्यातील किती पालकांना हे ठाऊक आहे, याचा शोध त्याच उन्हाळी पाहणीत घेता येईल. कागदी पिशव्या, मसाल्यांची पाकिटे, रोपवाटिका असे काम देणारी कार्यशाळा आठ-दहा वर्षांनी लागणारच आहे. म्हणून जागा पाहताना तिच्यासाठी मागचा एक तुकडा आताच मोकळा ठेवावा. पहिल्या वर्षी एखाद्या घराचा भाड्याने घेतलेला तळमजला, दोन शिक्षक, एक मदतनीस आणि आठ मुले एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. चार गुंठे देऊ करणाऱ्या गृहस्थांना दोन वर्षे थांबण्याची विनंती करावी. तोवर त्यांनी गाडीच्या इंधनाचा भार उचलला तर उत्तमच.